सम्राटाच्या वाड्यातलं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी रेवदंड्याचा. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता जुन्या पोर्तुगीज कोटातून जातो, त्या कोटाच्या आत आमचं घर आहे. हा कोट सोळाव्या शतकातला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. आज त्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, विहिरी आहेत. परगावची माणसं कॅमेरे घेऊन तट बघायला येतात. आम्ही त्याच तटावर सोलं वाळत घालत आलो आहोत. दगड तापला की सोलं लवकर वाळतात, एवढाच आमचा इतिहासाशी संबंध.

या घराची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथेच परत येणार आहे. घर आजोबांनी बांधलेलं, कौलारू. माझे दोघे भाऊ मुंबईकडे असतात. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी विषय काढला की वाडी विकून टाकू या. जमिनीला भाव आला आहे, पर्यटकांसाठी खोल्या बांधणारे दारात उभे आहेत, आणि दरवर्षी कौलं चाळायला माणसं मिळत नाहीत. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझी एकुलती एक लेक जर्मनीत म्युनिकला नोकरी करते. तिला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "अब्बा, मी रेवदंड्याला परत येऊन राहीन असं तुम्हाला खोटं कशाला सांगू?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही आधी इकडे या. दोन महिने घर डोक्यातून काढा."

तसा मी एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो. तिनं आठवड्याची रजा काढली आणि विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, जिथे समुद्र असेल तिथे. ती हसली. "समुद्र बघायला रेवदंड्याहून इतक्या लांब आलात?" पण माणूस शेवटी ओळखीचंच शोधतो. तिनं क्रोएशियातल्या स्प्लिट या शहराची तिकिटं काढली. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं हे बंदर. म्युनिकहून विमानानं तासा-दीड तासाचा प्रवास.

तिनं जी खोली घेतली होती, ती एका रोमन सम्राटाच्या राजवाड्यात होती. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही. स्प्लिटचं जुनं गाव हे खरोखरच सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात वसलेलं आहे. सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा हा कोट. काही ठिकाणी भिंती वीसेक मीटर उंच. चार दिशांना चार दरवाजे. त्यांना आज सोन्याचा, चांदीचा, लोखंडाचा आणि पितळेचा दरवाजा म्हणतात. समोरच्या ब्राच बेटावरच्या खाणीतला पांढरा दगड, इजिप्तहून आणलेले ग्रॅनाइटचे खांब, आणि त्यांच्यामध्ये दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. एका खांबाला पालथ्या बादलीचं टेकण दिलेलं. बादली बघितली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिला थोडं जर्मन येत होतं, माझी लेक मधे उभी राहून मला मराठीत सांगायची. मी त्या बाईला विचारलं, सम्राटाच्या वाड्यात राहताना कसं वाटतं? ती म्हणाली, "हिवाळ्यात ओल येते."

आता या वाड्याच्या मालकाविषयी. डायोक्लेशियन याच परिसरातला, जवळच्या सलोना शहराकडचा, सामान्य घरातला मुलगा. फौजेत चढत चढत तो २८४ साली रोमचा सम्राट झाला. साम्राज्य इतकं पसरलं होतं की एका माणसाला ते आवरेना. म्हणून त्यानं २९३ साली कारभार चौघांत वाटला. तेव्हाच्या जगात त्याहून नवलाची गोष्ट त्यानं ३०५ साली केली. तो आपण होऊन गादीवरून उतरला. त्याच्याआधी कुठल्याही रोमन सम्राटानं राजीखुशीनं असं केलं नव्हतं. उतारवयासाठी त्यानं आपल्या मुलखात समुद्राला लागून हा वाडा बांधून घेतला होता. पुढे त्याला परत बोलवायला माणसं आली, तेव्हा त्यानं आपल्या हातानं लावलेल्या भाजीचं कौतुक सांगितलं आणि जायला नकार दिला, अशी कथा आहे. निवृत्तीला आलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. मीही वाडीत दुधी लावतो.

पण गोष्ट तिथेच संपवली तर खोटी होईल. याच माणसानं ३०३ सालापासून ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. ग्रंथ जाळले, प्रार्थनास्थळं पाडली, माणसं मारली. सलोनाचा बिशप डॉम्नियस ३०४ साली याच छळात मारला गेला.

वाड्याच्या मधोमध खांबांनी वेढलेला चौक आहे. सम्राट इथे लोकांना दर्शन द्यायचा. एका बाजूला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलेला आहे. डायोक्लेशियननं तो इजिप्तहून आणला, तेव्हाच तो सतराशे-अठराशे वर्षांचा म्हातारा होता. चौकाला लागून आठ कोनांची एक इमारत. ती सम्राटानं स्वतःसाठी बांधलेली समाधी. त्याचा देह तिथे ठेवला गेला असं मानतात. आज ती समाधी कुठे आहे? तीच इमारत सातव्या शतकात ख्रिस्ती मंदिर झाली, आणि ते मंदिर कुणाच्या नावाचं, तर डॉम्नियसच्या! ज्याला सम्राटाच्या राज्यात मारलं, तो सम्राटाच्या कबरीत मानानं राहायला आला, आणि सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली. आजही ७ मेला शहरात डॉम्नियसचा उत्सव भरतो, आपल्याकडे उरूस किंवा जत्रा भरते तसा. सम्राटाच्या नावानं तिथे कुणी गोडाचं करत नाही.

मी त्या दारासमोर बराच वेळ उभा राहिलो. दार अक्रोडाच्या लाकडाचं. आंद्रिया बुविना नावाच्या कारागिरानं १२१४ साली त्यावर येशूच्या चरित्रातले २८ प्रसंग कोरले. लेकीला म्हटलं, "हा खरा न्याय. वेळ लागला, पण झाला." ती काही बोलली नाही. माझं हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. दोन दिवसांनी ते माझ्याच अंगावर आलं.

आत वर नजर टाकली की गोल पट्टीत दोन चेहरे कोरलेले दिसतात. ते डायोक्लेशियन आणि त्याची बायको प्रिस्का यांचे मानले जातात. त्या बाईची आणि तिच्या लेकीची हकिकत लॅक्टॅन्शियस या समकालीन लेखकानं लिहून ठेवली आहे. लेकीचं नाव व्हॅलेरिया. तिचा नवरा ३११ साली वारला. नव्या सत्ताधाऱ्यानं तिला लग्नाची मागणी घातली, तिनं नकार दिला. तिची मालमत्ता गेली, ती आणि आई दूर मुलखात हद्दपार झाल्या. डायोक्लेशियन इथून निरोपावर निरोप धाडत राहिला, माझ्या लेकीला माझ्याकडे पाठवा. त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढे दोघी मायलेकींचे शिरच्छेद झाले आणि देह समुद्रात टाकले गेले.

ज्याच्या एका शब्दानं सैन्यं हलत, त्याला आपली लेक घरी आणता आली नाही. मी बाजूला बघितलं. माझी लेक मान वर करून ते चेहरे न्याहाळत होती. माझ्या लेकीला कुणी अडवलेलं नाही, ती आपल्या मर्जीनं लांब आहे आणि सुखात आहे. तिनं परत यावं म्हणून मी मनातल्या मनात जे निरोप धाडत होतो, ते त्या दिवसापासून बंद केले. तिला हे सांगितलं नाही. आज रेडिओवर सांगतो आहे.

वाड्याच्या दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला तळघरं आहेत. प्रचंड कमानी, एकामागून एक दालनं. सम्राट वर राहायचा ती दालनं जवळजवळ सगळी गेली. पण वाडा उताराच्या जागेवर, म्हणून वरची जमीन सपाट करायला खाली तळघरं बांधली, आणि वर जशी खोली तशीच खाली. त्यामुळे तळघरांच्या नकाशावरून वरच्या महालाचा नकाशा आज कळतो. मग ही तळघरं कशी टिकली? सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोना लुटलं. तिथले निर्वासित या रिकाम्या वाड्याच्या भिंतींआड शिरले आणि तिथेच राहिले. खोल्यांत खोल्या पाडल्या, खांबांमध्ये भिंती घातल्या. जमिनीला भोकं पाडून केरकचरा आणि सांडपाणी खाली सोडलं. शेकडो वर्षं हेच चाललं. तळघरं कचऱ्यानं गच्च भरली, आणि भरली म्हणूनच कुणी त्यांची मोडतोड केली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ती उपसायला घेतली, तेव्हा रोमन कमानी जशाच्या तशा निघाल्या.

घरमालकीण म्हणाली, तिच्या आजीच्या स्वयंपाकघरातही असं एक भोक होतं. "आजीला ठाऊक असतं की ती सम्राटाचं घर जपते आहे," ती म्हणाली, "तर तिनं भाडं मागितलं असतं."

१७५७ साली रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुरचनाकार इथे आला. त्यानं वाड्याची मोजमापं घेतली आणि १७६४ साली चित्रांसह मोठा ग्रंथ छापला. त्या ग्रंथाचा इंग्लंडातल्या इमारतींच्या घडणीवर बराच परिणाम झाला. १९७९ साली युनेस्कोनं हे जुनं शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पण मला वाटतं, वाडा या दोघांनी वाचवला नाही. तो वाचला, कारण कोसळत्या भिंतीला लागून कुणीतरी चूल मांडली आणि भिंत पडली तर चूल जाईल म्हणून दर पिढीनं ती सावरली. पश्चिमेच्या भिंतीत तर सोळाव्या शतकात ज्यूंनी आपलं प्रार्थनामंदिर थाटलं. आमच्या रेवदंड्यातही बेने इस्रायल लोकांचं सिनेगॉग आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे आमचे शेजारी. त्यांतले बरेच पुढे इस्रायलला गेले, पण मंदिर आहे. तेव्हा त्या भिंतीतलं दार बघून मला परकं वाटायचं कारणच नव्हतं.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी, म्हणजे भाषेविषयी बोलतो. मी मुसलमान असून मराठीत कविता लिहितो. हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे, आणि त्यातला 'असून' मला नेहमी टोचतो. आपली माणसं विचारतात, उर्दूत का लिहीत नाही? इतर विचारतात, मराठी इतकी चांगली कशी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, हे दोघांनाही सांगावं लागतं. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आणि पहिली ओळ सुचली ती मराठीत. त्याला माझा इलाज नव्हता.

सोन्याच्या दरवाजाबाहेर एक भला थोरला पुतळा आहे. इवान मेश्त्रोविच या शिल्पकारानं १९२९ साली घडवलेला. हा ग्रगुर निन्स्की, दहाव्या शतकातला बिशप. प्रार्थना लॅटिनमध्ये नको, लोकांच्या स्लाव भाषेत हवी म्हणून भांडलेला, अशी त्याची ओळख आहे. ९२५ आणि ९२८ साली स्प्लिटमध्ये धर्मपरिषदा भरल्या. तिथे तो हरला, त्याचं बिशपपद असलेलं पीठच बंद झालं. आज त्याच्या पायाचा अंगठा लोकांच्या स्पर्शानं पितळी चकचकीत झालेला आहे. अंगठ्याला हात लावला की इच्छा पुरी होते म्हणतात. मी दर्ग्यात वाढलेला माणूस, मला यात काही वावगं वाटलं नाही. मीही हात लावला. ज्ञानेश्वरांनी १२९०च्या सुमाराला जे केलं, एकनाथांना ज्याच्यासाठी काशीच्या पंडितांना तोंड द्यावं लागलं असं आपण सांगतो, त्याच जातीचं हे भांडण. देवाला कोणती भाषा कळते, हा वाद सगळीकडे झालेला आहे.

तिथून पाच मिनिटांवर, पूर्वी जिथे फळबाजार भरायचा त्या चौकात मार्को मारुलिचचा पुतळा आहे. तोही मेश्त्रोविचचाच. मारुलिच स्प्लिटचाच कवी, १४५० ते १५२४. म्हणजे मी गेलो तेव्हा त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं होत होती. तो लॅटिनचा मोठा पंडित. त्याची लॅटिन पुस्तकं युरोपभर वाचली जात. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याला आले, त्यांच्या प्रवासात मारुलिचचं सदाचारावरचं पुस्तक सोबत असायचं असं सांगतात. म्हणजे हा कवी आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेला, तो लॅटिनच्या बळावर. पण ज्यांना लॅटिन येत नाही त्यांच्यासाठी त्यानं आपल्या भाषेत 'यूदिता' हे काव्य १५०१ साली पुरं केलं. ते १५२१ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं. क्रोएशियन साहित्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात ते या काव्यामुळे. ज्या दिवशी ते पुरं झालं, त्या २२ एप्रिलला तिथे पुस्तक दिन साजरा करतात.

मी पुतळ्यापुढे फोटो काढून घेतला. मग लेकीनं फोनवर वाचून सांगितलं, "अब्बा, यानं तुर्कांविरुद्ध प्रार्थना नावाची कवितासुद्धा लिहिली आहे." यूदिताची बायबलमधली कथाही वेढ्यात सापडलेल्या गावाची. त्या काळच्या वाचकाला त्यातला शत्रू कोण हे सांगावं लागत नव्हतं. मी जरा वरमलो. ज्या कवीला मी मघापासून आपला म्हणत होतो, तो देवाकडे माझ्या धर्माच्या माणसांपासून सुटका मागत होता. पण त्याच्या खिडकीतून तर मी बघितलं नव्हतं. ती खिडकी बघायला दुसऱ्या दिवशी आम्ही क्लिसला गेलो.

क्लिस हा स्प्लिटच्या मागे डोंगरखिंडीवरचा किल्ला. शहरातून बस जाते. हल्ली तरुण मुलं तिथे एका गाजलेल्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण झालं म्हणून येतात. वाऱ्याला उभं राहवत नाही अशी जागा. तिथून स्प्लिट, समुद्र आणि बेटं तळहातावर ठेवल्यासारखी दिसतात. हा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती खालच्या शहराची झोप. उस्मानी तुर्कांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले. शेवटी १५३७ साली किल्लेदार पेतार क्रुझिच मारला गेला आणि किल्ला पडला. पुढे शंभराहून जास्त वर्षं तो उस्मानींकडे होता. १६४८ साली तो व्हेनिसनं घेतला.

किल्ल्यात सगळ्यात वर एक छोटी चौकोनी इमारत आहे, वर घुमट. लांबून बघताच मी ओळखलं. हिला ओळखायला मला पाटी लागत नाही. ती मशीद होती. उस्मानींनी बांधलेली. १६४८नंतर मिनार पाडला गेला आणि तिचं सेंट व्हायटसचं चर्च झालं. आत साधी वेदी. घुमटाखाली मी उभा राहिलो आणि माझे पाय आपोआप किब्ल्याची दिशा शोधायला लागले. पोटात कालवलं. इथे कुणीतरी पहाटेची अजान दिली असेल, कुणीतरी पाळण्यातल्या पोराच्या नावानं दुआ मागितली असेल.

बाहेर येऊन दगडावर बसलो. लेक शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अब्बा, परवा त्या समाधीपुढे तुम्ही न्याय म्हणाला होता."

श्रोतेहो, मला उत्तर सुचलं नाही. परवाही एका धर्माची वास्तू दुसऱ्यानं घेतली होती आणि मला ती गोष्ट गोड वाटली होती. आज तेच झालेलं मला खुपत होतं. मी वकिलासारखे फरक शोधू लागलो. तो सम्राट जुलमी होता. ठीक. पण ही मशीद तरी कशी उभी राहिली? वेढा घालून, माणसं मारून किल्ला घेतला, मग जिंकणाऱ्यांनी ती बांधली. खालच्या शहरातल्या मारुलिचच्या पोराबाळांना हा घुमट कसा दिसत असेल? त्यांना यात दुआ ऐकू येत नसणार, भीतीच दिसत असणार. आणि तरीही त्या घुमटाखाली वाकलेल्या एखाद्या साध्या शिपायाची दुआ खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. इतकी वर्षं मी सभांमधून सांगत आलो की इतिहासाकडे तटस्थपणे बघावं. तटस्थपणा म्हणजे काय ते मला त्या दगडावर कळलं. दुसऱ्याचं दुखणं समजावून घेणं सोपं. आपलं दुखणं आणि दुसऱ्याचं दुखणं एकाच तागडीत घालणं अवघड. मला ते अजून नीट जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. क्लिसवर उस्मानी निशाण असतानाच, सोळाव्या शतकाच्या अखेरीला, दानिएल रोद्रिगा या ज्यू व्यापाऱ्याच्या खटपटीनं स्प्लिटला मोठं बंदर आणि लाझारेत, म्हणजे आलेली माणसं आणि माल काही दिवस वेगळा ठेवायची जागा, उभी राहिली. बोस्नियातून उस्मानी मुलखाचे तांडे कातडी, मेण, कापड घेऊन याच खिंडीतून उतरायचे आणि तो माल व्हेनिसला जायचा. म्हणजे वर किल्ल्यात तोफा आणि खाली बाजारात घासाघीस. आमच्या चौलनं हेच केलं. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात 'सेमिल्ला' नावाचं बंदर येतं, ते चौल मानतात. दहाव्या शतकात अल मसूदी इथे आला, तेव्हा हजारो मुसलमान हिंदू राजाच्या राज्यात सुखानं व्यापार करताना त्याला दिसले. बंदरावरच्या माणसाला सगळ्यांशी बोलावंच लागतं.

संध्याकाळी परत आलो. माझा चेहरा बघून घरमालकिणीनं विचारलं, काय झालं? लेकीनं थोडक्यात सांगितलं, आम्ही मुसलमान आहोत हेही सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, १९९१च्या नोव्हेंबरात या शहरावर समुद्रातून तोफगोळे पडले, तेव्हा ती याच भिंतींच्या आड बसली होती. पुढच्या वर्षी बोस्नियात लढाई पेटली आणि निर्वासितांचे लोंढे आले. तिनं एका मुसलमान बाईला दोन मुलांसह ठेवून घेतलं, आम्ही उतरलो होतो त्याच खोलीत. १९९३ साली तिकडे क्रोएट आणि मुसलमान एकमेकांशी लढू लागले. तेव्हा शेजारणींनी हिच्याशी बोलणं टाकलं. "मी म्हटलं, हे घर निर्वासितांनीच बसवलेलं आहे. सलोनाहून आले तेव्हा त्यांना सम्राटानं कुठे परवानगी दिली होती?" पुढे ती बाई मुलांना घेऊन स्वीडनला गेली.

माझ्या डोळ्यांपुढे आमची ओटी आली. १९९३च्या जानेवारीत मुंबईहून आमच्या घरी अकरा माणसं आली होती, बोचकी घेऊन, रात्रीची. अम्मीनं ओटीवर आणि माळ्यावर अंथरुणं घातली. सकाळी शेजारच्या वाडीतल्या वहिनी पायलीभर तांदूळ आणि नारळ घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत, ठेवून गेल्या. महिनाभर ते घर भरलेलं होतं. तेव्हा भावांची मुलं लहान होती, त्यांना हे आठवत नाही. मी कधी सांगितलंही नव्हतं.

त्या रात्री वाड्याच्या गोल दालनात, जिथे घुमटाचा माथा गेल्यामुळे वर आकाश दिसतं, तिथे सात-आठ माणसं उभी राहून गात होती. वाद्यं नाहीत, नुसते गळे. या गाण्याला क्लापा म्हणतात. शब्द एकही कळला नाही. गाणारे दिवसा कुठे कुठे काम करणारे असावेत, एकाच्या पायात कामाचे बूट होते.

मी मेमध्ये परत आलो. भावांना बसवून स्प्लिटची गोष्ट सांगितली, आणि त्या अकरा माणसांचीही. ते लगेच ऐकले असं नाही. धाकटा म्हणाला, "सम्राटाच्या वाड्यात पर्यटक भाडं देतात भाई, आपल्याकडे गळती आहे." तोही खरं बोलत होता. शेवटी इतकंच ठरलं की यंदा विकायचं नाही, पुढचं पुढे बघू.

पावसाच्या तोंडावर दोन माणसं मिळाली. मी स्वतः शिडीवर चढलो, बायको खालून ओरडत होती. फुटकी कौलं बदलली, आढ्याचं एक वासं नवं घातलं. घर शाकारून झालं आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला. रात्रभर मी कान देऊन पडलो होतो. माजघरात एका जागी अजून टपकतंय. तिथे बादली ठेवली आहे.